पवळाबाईंचे नाव घ्यायला संकोच कशाला?

नाशिक-पुणे रस्त्याने संगमनेर मागे टाकले की थोड्याच वेळात हिवरगाव पावसा लागते. आज येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे गाव टोलनाक्यामुळे ठाऊक आहे. गाडी थांबते, पैसे भरले जातात, गाडी पुढे जाते. पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात याच गावाचे नाव हजारो कामगारांच्या तोंडी होते. तमाशाच्या फडात प्रथम उभी राहिलेली स्त्री म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती पवळा तबाजी भालेराव हिवरगावकर याच गावची. ती आपल्या समाजाची, महार कुटुंबातली लेक होती. भगिनींनो, तुमच्यापैकी किती जणींनी हे नाव आपल्या घरात ऐकले आहे?

याच संगमनेर तालुक्याने आणखी एक नामवंत कलावंत दिला. कवी अनंत फंदी (१७४४-१८१९). तेही आधी तमाशातलेच शाहीर होते. त्यांच्या नावाने संगमनेरात व्याख्यानमाला चालते, त्यांचा फटका शाळेच्या पुस्तकात आला. यात वाईट काहीच नाही, कलावंताचा मान झालाच पाहिजे. पण एकाच तालुक्यातल्या दोन कलावंतांपैकी एकाचे नाव पुस्तकात जाते आणि दुसरीचे नाव तिच्या स्वतःच्या समाजातही दबक्या आवाजात घेतले जाते, असे का व्हावे? आज आम्ही त्याबद्दलच लिहिणार आहोत. विषय अवघड आहे, पण घरात बोलण्यासारखा आहे.

आधी फड म्हणजे काय ते पाहू, कारण नव्या पिढीला तमाशा ठाऊक आहे तो टीव्हीवरच्या लावणीपुरता. फड म्हणजे एक चालते-फिरते कुटुंबच. सरदार, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्यावर आणि झांजेवर साथ करणारे झीलकरी, आणि नाचणारा. खेळाची रचना ठरलेली. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि रंगबाजी, आणि शेवटी रात्र चढली की वग. नाचणारा पूर्वी पुरुषच असे. कोवळ्या मुलाला लुगडे नेसवून, चाळ बांधून उभा करीत, त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. ही माणसे बहुतेक महार, मांग, कोल्हाटी अशा जातींची. ज्याची सावली दिवसा चालत नसे, त्याचा आवाज गावाला रात्री चालत असे. पहाटे खेळ संपला की तोच कलावंत पुन्हा गावकुसाबाहेर जायचा. पाटलाच्या वाड्यासमोर ज्याने राजाचे सोंग वठवले, त्याला त्याच वाड्यात ओंजळीने पाणी प्यावे लागे.

अशा फडात पवळाबाई आल्या. त्यांचा जन्म १८७० चा. नवसाने झालेली ही मुलगी खंडोबाला मुरळी म्हणून वाहिली गेली, असे सांगितले जाते. मुरळी म्हणजे काय, हे आपल्या थोरल्या पिढीला वेगळे सांगायला नको. देवाच्या नावाने सोडलेल्या मुलीला घर नाही, नवरा नाही, आणि गावातल्या बड्यांना तिच्याबाबत विधिनिषेध नाही. अशा मुलीपुढे दोन वाटा होत्या. एक, देवाच्या दारात भंडारा उधळीत आयुष्य काढायचे. दुसरी, गळ्यातले गाणे घेऊन फडात उभे राहायचे. पवळाबाई फडात उभ्या राहिल्या. पुरुष नाच्याची सवय झालेल्या प्रेक्षकांपुढे खरीखुरी बाई चाळ बांधून आली, आणि तमाशाचे रूपच पालटले.

त्यांची खरी कीर्ती झाली ती पठ्ठे बापूरावांच्या जोडीने. बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६ चा. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे हे ब्राह्मण कुळकर्णी. लहानपणापासून कवने करण्याचा नाद. तो नाद इतका वाढला की घर, वतन, जात सगळे मागे टाकून ते फडात सामील झाले. स्वजातीने त्यांना वाळीत टाकले. त्यांची लेखणी आणि पवळाबाईंचा गळा नि पाय एकत्र आले तेव्हा महाराष्ट्राने पूर्वी न पाहिलेली जोडी तयार झाली. बापूरावांनी हजारो लावण्या रचल्या. त्यांचा मिठाराणीचा वग विशेष गाजला. जत्रेतला फड मुंबईच्या थिएटरात तिकिटावर चालू लागला. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार आठवड्याच्या सुटीला तमाशाला गर्दी करू लागला. दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या त्या माणसाला आपल्या गावाचा सूर तिथे ऐकू येत असे. पवळाबाईंना लोक ‘नामचंद पवळा’ म्हणू लागले.

आता या नावांकडेच जरा नीट पाहा. पुरुष झाला ‘बापूराव’, आणि बाई राहिली नुसती ‘पवळा’. लावणी लिहिणाऱ्याची कवने छापून निघाली, त्यांच्यावर लेख आले, चरित्रे आली. ती लावणी ज्या गळ्याने गावोगाव पोचवली, त्या गळ्याबद्दल दोन ओळी लिहिल्या तरी त्यात रूपाचेच वर्णन जास्त. ब्राह्मणाने जात सोडली हा त्याग ठरला. महार बाईने आयुष्य घातले, तर तो तिचा जातीचा धंदाच ठरला. बापूरावांनी खरोखर पुष्कळ गमावले हे आम्ही नाकारीत नाही. त्यांचे अखेरचे दिवस पुण्यात हलाखीत गेले, आणि ज्या समाजाने त्यांना टाकले त्याने त्यांच्या कलेवर मात्र हक्क सांगितला. पण सोडण्यासारखे काही तरी हातात असावे लागते. वतन सोडता येते. मुरळीपण अंगावर लादले गेले असेल तर ते कुठे सोडणार? ही जोडी पुढे फुटली. पवळाबाई १९३९ साली गेल्या. म्हणून आम्ही या लेखात त्यांना पवळाबाईच म्हणणार आहोत. निदान आपल्या पानावर तरी तेवढे व्हावे.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यामुळे आपल्या समाजात तमाशाबद्दल एक घट्ट मत बनले. महाड सत्याग्रहाच्या काळातली ही गोष्ट आहे. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी घेतले होते, चळवळीला पैशाची निकड होती. पठ्ठे बापूराव आपल्या फडातल्या बायकांसह बाबासाहेबांकडे आले आणि काही खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाच्या फंडाला देऊ केले. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. महार बायांना नाचवून मिळालेला पैसा माझ्या चळवळीला नको, असा त्या नकाराचा रोख होता.

हा प्रसंग आपल्याकडे भाषणांतून पुष्कळदा सांगितला जातो. परंतु त्याचा अर्थ काढताना एक घोटाळा होतो. बाबासाहेबांनी काय नाकारले? त्यांनी पैसा नाकारला. ज्या व्यवस्थेत बाई नाचते, दौलतजादा उधळणारा वेगळा असतो, मालक वेगळा असतो आणि बदनामी मात्र एकट्या बाईच्या आणि तिच्या जातीच्या पदरात पडते, ती व्यवस्था त्यांनी नाकारली. चळवळीला पै-पैची गरज असताना नाकारली, हे विशेष. त्या बायकांना मात्र त्यांनी आपल्यातून वजा केले नाही. त्याला पुरावा आहे. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुंबईतल्या देवदासी, जोगतिणी, मुरळ्या आणि वेश्या व्यवसायातल्या भगिनींची खास सभा घेतली. त्या काळी कोणता बॅरिस्टर, कोणता पुढारी अशा सभेला उभा राहिला असता? त्यांनी तिथे गोड बोलून वेळ मारून नेली नाही. हे जिणे सोडा, सन्मानाने जगा, धर्मांतराच्या वाटेवर आमच्याबरोबर यायचे असेल तर ताठ मानेने या, असेच त्यांनी बजावले. शब्द कडक होते, पण ज्याला आपण आपले मानतो त्यालाच माणूस कडक बोलतो. परक्याला कोण समजावीत बसते?

त्याआधी १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी आपल्या माय-माउलींना सांगितले होते की जात ओळखू येईल असे लुगडे नेसणे सोडा, ते जडशीळ कथलाचे नि चांदीचे दागिने टाका. आपल्या आज्यांनी ते ऐकले आणि नेसणे बदलले. बाईच्या अंगावरची जातीची खूण पुसणे, हा त्या साऱ्या सांगण्यामागचा एकच धागा होता. लुगड्याची खूण पुसायची तशी चाळाचीही पुसायची. ज्या काळात महार बाई म्हटली की ती तमाशातली, असे गावातले पोरसुद्धा बोलत असे, त्या काळात दुसरे काय करायचे होते?

पण गाणे गेले नाही. ते आपल्या लोकांनी जाऊ दिले नाही. तमाशाचाच साज घेऊन आंबेडकरी जलसे उभे राहिले. सत्यशोधक जलशांची वाट आधी पडलेली होतीच. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी जलसा गावोगाव नेला, आणि पुढे १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून ती हकीकत जपून ठेवली. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, पण आतला ऐवज पालटला. गवळणीतली छेडछाड गेली. तिच्या जागी पाणवठ्याचा, शाळेचा, व्याजबट्ट्याचा प्रश्न आला. सोंगाड्या आता सावकाराची आणि भटजीची टर उडवू लागला. ज्या माणसाला वाचता येत नव्हते त्याला जलशाने चळवळ समजावली. संगमनेरला लागूनच असलेल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडीला जन्मलेले वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे त्याच मातीतले. आज भीमजयंतीला आपल्या वस्तीत गायन पार्टी उभी राहते, तिच्या ढोलकीची थाप कुठून आली? ती फडातूनच आली. मधल्या काळात आपण तिचा मालक बदलला.

फडाची दुसरी वाटही चालू राहिली. स्वातंत्र्याच्या आसपास बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली. अश्लीलतेचा ठपका होता. पुढे कलावंतांनी दाद मागितल्यावर अटी घालून ती उठली. नंतर तंबूचे मोठे फड आले. त्यातला एक मोठा फड पुन्हा संगमनेरचाच, तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांचा. १९६४ मध्ये खेडकर गेले. पदरात लहान मुले. कांताबाईंनी हाय न खाता पुन्हा उभारी धरली, फड चालवला, मुलांना तयार केले, पुढे रघुवीर खेडकरांनी तो नावारूपाला नेला. कांताबाईंची एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. वगात त्या पुरुषांच्या भूमिका करीत, आणि शिवाजी महाराजांची भूमिका अशी वठवीत की प्रेक्षक शांत होत. जिथे पूर्वी पुरुष बाईचे सोंग घेत असे, तिथे बाई राजाच्या वेषात उभी राहिली! राज्य शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. कोरोनाच्या काळात जत्रा बंद झाल्या, नारायणगावच्या राहुट्यांत सुपारी ठरवायला कोणी येईना, उचल घेतलेले कलावंत कर्जात बुडाले. त्याच साथीत मे २०२१ मध्ये कांताबाई संगमनेरला गेल्या.

जगात इतरत्र काय होते तेही पाहू. इंग्लंडात १९६७ साली लंडनच्या काही तरुणांनी ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ नावाचा वाद्यवृंद काढला. खेड्यापाड्यातली जुनी कवने त्यांनी विजेच्या गिटारवर बसवली, आणि १९६९ च्या त्यांच्या ‘लीज अँड लीफ’ या तबकडीने तिकडच्या लोकसंगीताला नवे वळण लावले. सँडी डेनी ही त्यांची गायिका. १९७८ मध्ये ती अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली, पण तिच्या गाण्यांवर आजही प्रेमाने लिहिले जाते. क्रॉप्रेडी नावाच्या एका खेड्यात त्या वृंदाचा मेळा कित्येक दशके भरत आला आहे, लोक लेकराबाळांसह जातात. शेतकऱ्या-मजुरांची गाणी गायली म्हणून त्या मुलीला कोणी बाटलेली ठरवले नाही. तिच्या नातलगांना तिचे नाव लपवावे लागले नाही. आमच्याकडे मात्र गाण्याला टाळ्या आणि गाणारीला हिणकस नाव. हा फरक कलेचा नाही, जातीचा आहे.

हे आम्ही म्हणतो म्हणून नव्हे. आपल्याच जिल्ह्यातल्या, कोपरगाव तालुक्यातल्या पोहेगावला जन्मलेल्या आणि पुण्यात येरवड्याला वाढलेल्या डॉ. शैलजा पाईक यांनी यावर मोठा अभ्यास केला आहे. त्या अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापिका आहेत. ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हे त्यांचे पुस्तक २०२२ मध्ये निघाले. पवळाबाईंपासून आजच्या तमाशा कलावंत स्त्रियांपर्यंतची हकीकत त्यात आहे. त्या बायांपाशी बसून, बोलून त्यांनी ती मिळवली. ‘अश्लील’ हा शिक्का दलित बाईच्या अंगावर कसा मारला गेला आणि त्याच्याशी झगडत ‘माणुसकी’ कशी मागितली गेली, हे त्यांनी दाखवले. २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या दलित स्त्री. हिवरगावच्या लेकीची कथा पोहेगावच्या लेकीने जगापुढे नेली, याचा नगर जिल्ह्याने, म्हणजे आताच्या अहिल्यानगरने, अभिमान बाळगावा.

एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. त्यांच्या सासूबाई तरुणपणी फडात होत्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत. नात महाविद्यालयात शिकते. तिला आजीची हकीकत लिहून घ्यायची आहे आणि आजीलाही सांगायची इच्छा आहे. पण मुलगा, म्हणजे या भगिनीचे यजमान, अडवतात. ‘आपण बौद्ध झालो, ते सगळे सोडले. आता पोरीच्या लग्नाच्या वेळी हे उकरून काढायचे का?’ असे ते म्हणतात. भगिनी विचारतात, आम्ही काय करावे?

त्या यजमानांना दोष द्यायला आम्ही धजत नाही. शाळेत असताना त्यांनी काय ऐकले असेल याची कल्पना आपण सारेच करू शकतो. स्थळ बघायला आलेला माणूस काय विचारतो, तेही ठाऊक आहे. त्यांची भीती खरी आहे. परंतु एक विचारावेसे वाटते. त्या माउलीने चाळ बांधले तेव्हा घरातली चूल कोणाच्या पैशावर पेटत होती? मुलाच्या शाळेची फी कोठून आली? लाज वाटायचीच असेल तर ती तिला का वाटावी? जिने पैसे उधळून हात धरला, जिने दिवसा विटाळ मानला आणि रात्री शिट्ट्या मारल्या, त्या समाजव्यवस्थेला वाटू द्या. धम्म घेतला म्हणजे आपण आपल्या आईची आठवण टाकली असे होत नाही. बुद्धाच्या संघात आम्रपाली आली. तिचा पूर्वीचा व्यवसाय कोणी लपवला नाही, आणि तो तिच्या वाटेत आडवाही आला नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की आजीला बोलू द्या आणि नातीला लिहू द्या. छापायचे की नाही, नाव द्यायचे की नाही, ते आजीने ठरवावे. दुसऱ्या कोणी ठरवू नये. आजवर तिच्याबद्दलचे सगळे इतरांनीच ठरवले.

आणखी एक प्रश्न अनेक माता विचारतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलीने लावणी करावी का? याला आम्ही होय किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देणार नाही. मुलीला स्वतःला आवडते का, की बाईंनी नेमून दिले? ‘तुमच्यात येतेच की’ असे कोणी म्हणाले का? तसे म्हणाले असेल तर तिथल्या तिथे नकार द्या, आणि का नाकारले तेही सांगून या. पण मुलीला कला म्हणून शिकायचे असेल, तर तिने पवळाबाईंचे नाव आणि त्यांची हकीकत ठाऊक करून घेऊन मगच पायात चाळ बांधावेत. नाचायचे की नाही हे तिचे तिला ठरवता येते, हेच आपल्या चळवळीने मिळवले आहे. पवळाबाईंना ते मिळाले नव्हते.

शेवटी एक काम सुचवतो. संगमनेर, अकोले, पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, जिथे जिथे आपल्या वस्तीत फडात किंवा जलशात काम केलेली म्हातारी माणसे असतील, त्यांच्याकडे तरुण मुला-मुलींनी वही घेऊन जावे. कोणता फड, सरदार कोण, ढोलकी कोण वाजवीत असे, कोणत्या जत्रेला मुक्काम असे, बिदागी किती मिळे, पाणी कोठे मिळे, हे सगळे विचारून लिहून घ्यावे. मोबाइलवर आवाज टिपून ठेवता आला तर फारच चांगले. येत्या भीमजयंतीला गायन पार्टी सुरू होण्याआधी विहारात त्यातली दोन पाने वाचून दाखवावीत. आणि वाचताना त्या बायांची नावे घ्यावीत, मागे ‘बाई’ लावून, मोठ्या आवाजात.

जयभीम.